कास्मुरीच्या गाठी

कास्मुरीची दहाही बोटं शाबूत होती, आणि सेंदांगच्या वस्तीत त्याच्याविषयी जी अढी होती तिची सुरुवात तिथूनच व्हायची. ती वस्ती महारोग्यांची. जावाच्या उत्तर किनाऱ्यावर, चुनखडीच्या टेकाडामागे, गावांच्या नजरेआड वसवलेली. तिथं कुणाची बोटं झडलेली, कुणाचा पंजा आकड्यासारखा आत वळलेला, कुणाचं नाक बसलेलं. आणि त्यांच्यात हा गडी सरसर ताडावर चढायचा, शेंड्याला बसून फुलोऱ्याची पोय तासायचा, बांबूची नळकांडी नीरेनं भरून खाली यायचा. अंगावर मात्र जिथं बघावं तिथं गाठी. छातीवर, पाठीवर, दंडांवर, कपाळावर. काही करवंदाएवढ्या, काही लिंबाएवढ्या, मऊ आणि लोंबत्या.

"देवानं आजार दिला तोही माणूस बघून," वस्तीचा म्होरक्या सोंतानी म्हणायचा. "आमचं कामाचं तेवढं नेलं, याचं रूप तेवढं नेलं."

ताडगूळ आटवताना रसाचा थेंब हातावर उडाला की कास्मुरी कळवळून ओरडायचा. मग शेजारच्या झोपड्यांतून हसू यायचं. एक म्हातारी तर मुद्दाम दारात येऊन म्हणायची, "बोंबल बाबा, बोंबल. आम्हाला कुठलं ते भाग्य." तिचे दोन्ही तळहात चुलीच्या चटक्यांनी करपून गेले होते आणि एकही चटका तिला कळला नव्हता.

आपल्याला दुखतं याचा कास्मुरीला आनंद नव्हता, धास्तीच होती. रोग अजून हातापर्यंत पोचला नाही, पण आज ना उद्या पोचणार, हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. रोज सकाळी जाग आली की डोळे न उघडता तो एकेका बोटात नख रुतवायचा. दुखलं की उठायचा. बायकोला, वागिराला, हे त्यानं कधी सांगितलं नाही.

तो मूळचा टेकाडापलीकडच्या करांगतावांगचा. बाप लवकर गेला. घरात आई, तिकडे आईला सिम्बोक म्हणतात, आणि धाकटा भाऊ तास्रीप, जो त्याला कांग, म्हणजे दादा, म्हणायचा. दोघे भाऊ बापाच्याच ताडांची नीरा काढायचे. मिसरूड फुटायच्या सुमारास कास्मुरीच्या गळ्याखाली पहिली गाठ आली. गळू म्हणून सोडून दिली. मग दुसरी आली, मग मोजदाद राहिली नाही. गिऱ्हाईक तुटायला लागलं. त्याच्या नीरेला पुवाचा वास येतो असं कुणीतरी उठवलं आणि ते बाजारभर झालं.

अशात गावात देवीची लस टोचणारा एक सरकारी माणूस आला. गावचा पाटील, म्हणजे लुराह, त्यानं कास्मुरीला बोलावून अंगणात उभं केलं. तो माणूस ओसरीवर लवंगेची सिगारेट ओढत बसला होता. तो उठला नाही. तिथूनच म्हणाला, "महारोग. यात बघायचं काय?" झालं. कास्मुरीच्या आयुष्याची तपासणी एवढीच.

पण त्याला जन्मभर सललं ते त्या माणसाचं बोलणं नव्हे. सगळ्यात मोठा आरडाओरडा त्याच्या आईनं केला. तिनं त्याची चटई अंगणात आणून लोकांदेखत पेटवली. त्याची थाळी कुंपणाबाहेर भिरकावली. "हा माझ्या घरात नको," ती ओरडत होती. "तास्रीपचं लग्न व्हायचंय अजून." लोकांनी माना डोलावल्या. बाई खंबीर म्हणाले. कास्मुरी कोयता तेवढा घेऊन निघाला. कुणी अडवलं नाही.

सेंदांगला त्याला कुणी तपासलं नाही. गाठी बघितल्या आणि आत घेतलं. पांढऱ्या गोळ्या सुरू झाल्या. वर्षांमागून वर्षं त्यानं त्या गिळल्या. इतरांच्या जखमा सुकल्या, चट्टे विरले, याच्या गाठी मात्र वाढतच गेल्या. गोळ्या वाटणाऱ्यांनी निदान केलं की हा गोळ्या थुंकतो. वस्तीनं ते उचललं. वागिरालाही ते खरं वाटायचं. ती दोन्ही हातांची बोटं वळलेली, तिखट जिभेची बाई. मडकं कोपरांमध्ये धरून उचलायची आणि त्याच कोपरानं नवऱ्याला, तीही त्याला कांगच म्हणायची, ढोसायची. त्यांना एक मुलगी झाली, पुर्वांती. ती बापावर गेली, हसताना आणि रागावतानाही.

ज्या वर्षी नव्या गोळ्या आल्या त्या वर्षी सुराबायाहून डॉक्टर हाप्सारी आली. चांदीच्या कागदात महिन्यामहिन्याच्या गोळ्या, तीन तऱ्हेच्या, आणि त्या देण्याआधी प्रत्येक माणूस नव्यानं तपासायचा असा हुकूम होता. बाई ठेंगणी, बोलायला फटकळ. तिनं दवाखान्याच्या पडवीत टेबल मांडलं आणि वस्ती एकेक करून पुढ्यात घेतली. कास्मुरीला निरोपावर निरोप गेले. तो ताडावरून उतरेना. शेवटी बाईच बुंध्याशी येऊन उभी राहिली आणि थोरामोठ्यांना लावतात ते 'पाक' लावून तिनं हाक मारली.

"तुम्ही खाली येईपर्यंत मी हलत नाही, पाक कास्मुरी."

"मग उभ्या राहा," वरून उत्तर आलं. "खाली लाल मुंग्या आहेत, त्यांच्याशी बोला."

मुंग्या होत्याच. बाई पाय झटकत राहिली, पण गेली नाही. नळकांडी भरल्यावर त्याला उतरावंच लागलं. तो तिच्यापासून चार हात लांब थांबला आणि म्हणाला, "मागं तुमच्यातल्या एकानं ओसरीवरनं बघून सांगितलं होतं. तुम्हीही इथनंच बघा. डोळे चांगले दिसतात तुमचे."

"तो कोण होता मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "मी हात लावून बघते."

हात लावून, हे ऐकून त्यानं नळकांडी बुंध्याशी टेकवली. पडवीत आला खरा, पण सदरा काढताना असा फाडल्यासारखा काढला की एक बंद तुटला.

बाईनं आधी त्याच्या कानाच्या पाळ्या बोटांत धरून चाचपल्या. भुवयांवरून अंगठा फिरवला, केस जागच्या जागी होते. कोपराच्या हाडामागची शीर दाबली, मग गुडघ्याखालची, मग मानेच्या बाजूची. त्याला डोळे मिटायला लावलं आणि कापसाची वात हातापायांवर कुठं कुठं टेकवली. जिथं लागेल तिथं बोट ठेवायचं. त्यानं प्रत्येक वेळी नेमकं तिथंच बोट ठेवलं, माशी हाकलावी तसं वैतागून. एका काचेच्या नळीत गरम पाणी, एकीत गार. गरम, गार, गार, गरम, सगळं बरोबर. टाचणीचं टोक कुठलं आणि बोथट बाजू कुठली, तेही बरोबर. मग तिनं त्याच्या छातीवरची एक गाठ अंगठ्यानं दाबली. गाठ काजातून बटण जावं तशी कातडीच्या आत गेली आणि अंगठा काढल्यावर वर आली. बाईनं परत दाबली. मग त्याचे हात वर करून काखा बघितल्या, तिथं बारीक तपकिरी ठिपके होते. पाठीवर दुधाच्या कॉफीच्या रंगाचे डाग होते.

तिच्या कपाळाला आठी पडली. "कुठली जागा कधी मुकी झाली? चटका बसला आणि कळलंच नाही, असं कधी?"

"कधीच नाही."

"आणि हे इतक्या वर्षांत तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"विचारलं कुणी?"

तिनं कानाच्या पाळीला आणि दोन गाठींना बारीक चीर देऊन आतला रस काचपट्टीवर घेतला. दुसऱ्या दिवशी परत बोलावलं. एवढ्या गाठी जर महारोगाच्या असतील तर काचपट्टीवर जंतूंची जत्रा भरायला हवी, तिनं सांगितलं, आणि इथं एकही नाही. आता एक गाठ कापून सुराबायाला पाठवायची, तिथं तिचे पातळ काप करून, रंग चढवून बघतील.

कास्मुरी उठला. अंगाचे तुकडे वाटायला मी काही ईदचा बकरा नाही, असं म्हणून तो पायरी उतरत होता, तेवढ्यात तपासणीसाठी रांगेत बसलेली वागिरा मागून कडाडली. "कापू दे! गोळ्या थुंकतोस म्हणून इतकी वर्षं चार बायकांत माझी मान खाली. एकदाचा निकाल लागू दे." बसलेले लोक हसले. त्या हसण्यानं तो मागं वळला आणि टेबलावर हात आपटून ठेवला. "काप."

बाईनं दंडातल्या गाठीभोवती सुई टोचली. थोडा वेळ थांबून तिनं चाकूच्या टोकानं डिवचलं आणि विचारलं, "दुखतंय?"

दुखत नव्हतं. कास्मुरीनं स्वतः नख रुतवून बघितलं. काहीच नाही. जणू दुसऱ्याच्या दंडाला हात लावला. रोज सकाळी ज्याची वाट बघत तो जागा व्हायचा ते आलं होतं, आणि या बाईनं सुईतून घातलं होतं. त्यानं तिचं मनगट असं पकडलं की हातातला चाकू खाली पडला. "काय घातलंस? काय घातलंस माझ्यात?"

दवाखान्याच्या दोन माणसांनी धाव घेतली. बाईनं त्यांना मानेनंच थांबवलं. तिचं मनगट पांढरं पडलं होतं. ती आवाज न चढवता सांगत राहिली की हे औषध आहे, जागा तेवढ्यापुरती बधिर होते, ऊन कलायच्या आत दुखायला लागेल. त्याचा विश्वास बसला नाही. पण सोडता सोडता तो म्हणाला, "नाही दुखलं ना, तर तुम्ही जिथं असाल तिथं येईन."

तिनं दुसरा चाकू घेतला, गाठ काढली, टाके घातले आणि गाठ औषधाच्या बाटलीत बुडवली. कास्मुरी दुपारभर घराच्या पायरीवर दंड धरून बसून होता. वागिरानं भाकरीसाठी कसावा किसता किसता दोनदा टोमणा मारला, त्यानं ऐकलाही नाही. उन्हं उतरताना जखम ठणकायला लागली. मग तो आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. रडत होता की काय ते वागिराला कळलं नाही, आणि तिनं विचारलंही नाही.

काही आठवड्यांनी बाई निकाल घेऊन आली. तिनं कास्मुरीला पडवीत बसवलं आणि आडवळण न घेता सांगितलं. गाठीत महारोगाचा एकही जंतू नाही. ती मज्जातंतूंच्या आवरणातून वाढलेली गाठ आहे. हा रोग जन्माबरोबर येतो, लागत नाही, गोळ्यांनी जात नाही.

"तुम्हाला महारोग नाही, पाक. कधीच नव्हता."

"मग मी इथं का आहे?"

बाईनं निकालाचा कागद दुमडला. मग डॉक्टरच्या सवयीनं पुढचं बोलली की हे रक्तातून येतं, वडिलांकडून किंवा आईकडून, घरात आणखी कुणाला असणार. मुलीलाही बघावं लागेल. कास्मुरीनं टेबलावरचा ट्रे उचलून अंगणात फेकला. बाटल्या फुटल्या. तो निघून गेला.

बातमी त्याच्या आधी वस्तीत पोचली होती. कुणी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. ज्यांच्या घरांवर त्यानं झावळ्या शाकारल्या होत्या ते दारं लोटून बसले. सोंतानीनं माणसं जमवून सांगितलं की हा बिनरोगाचा, चांगला माणूस आहे, चांगल्या माणसांनी चांगल्या माणसांत राहावं. घर सरकारनं रोग्याला दिलंय, धान्यही रोग्याचं. "इतकी वर्षं आमच्या ताटातलं खाल्लंस," तो म्हणाला, "आता वर आमच्यावर दयाही करशील." कास्मुरीनं त्याच्या अंगावर धाव घेतली. लोक मध्ये पडले म्हणून बरं.

घरी वागिरानं त्याचा भात वेगळ्या थाळीत वाढून उंबऱ्याबाहेर ठेवला होता.

"हे काय?"

"तू धडधाकट माणूस. आमच्यातलं खाऊन लागेल तुला."

"तोंड आवर, वागिरा."

"का आवरू? आज ना उद्या जाशीलच. मग आजच जा, कांग. मला सवय करायला दिवस मिळतील." ती हे म्हणाली आणि पाठ करून चुलीत फुंकत बसली. चूल विझलेली होती.

त्याच्या डोक्यात मात्र दुसरंच घोळत होतं. रक्तातून येतं. बाप उघडा हिंडायचा, त्याचं अंग नितळ होतं. आई झऱ्यावर बायकांबरोबर कधी न्हाली नाही. सगळे उठायच्या आत एकटीच जाऊन यायची. भात कांडतानाही तिच्या झंपरच्या बाह्या मनगटापर्यंत. लहानपणी एकदा ती कपडे बदलताना तो मागून गेला तर तिनं फिरून अशी थोबाडीत दिली होती की कान आठवडाभर वाजत होता.

सकाळी तो टेकाड ओलांडून करांगतावांगला गेला. तास्रीपनं कुंपणाशीच अडवलं. आता तो पोट सुटलेला, घरादाराचा धनी झाला होता. कास्मुरीनं सांगितलं की महारोग नाही, डॉक्टरनं गाठ कापून बघितली. तास्रीप म्हणाला, "डॉक्टर काय, आज एक म्हणेल, उद्या दुसरं. माझ्या मुलीची बोलणी चाललीत. तू परत फीर, कांग." मागं माणसं गोळा व्हायला लागली. कुणीतरी लुराहला बोलवायला गेलं.

तेवढ्यात आई बाहेर आली. वाकली होती, पण बाह्या मनगटापर्यंतच. तिनं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि तास्रीपला म्हणाली, "मागच्या दारानं येऊ दे."

चुलीपाशी दोघंच होती. कास्मुरी बसला नाही. "दाखव," म्हणाला.

तिनं उठून दार लोटून घेतलं. मग तिनं एक बाही वर सारली. त्याच गाठी. सुरकुतलेल्या हातावर, खांद्यापर्यंत.

"तुला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?" ती म्हणाली. "मला वाटलं महारोगच. माझा तुला लागला."

"आणि चटई माझी जाळलीस."

"तुझ्या तोंडावर आल्या. माझ्या झाकल्या जात होत्या. माझ्याकडे कुणी बघू नये म्हणून ओरडले. दोघांना हाकललं असतं तर तास्रीपला कुणी जेवायला घातलं असतं?"

त्याला तिचा गळा धरावासा वाटला. तो हात मागं बांधून उभा राहिला. "महारोग नाही हा. तुलाही नाही. कधीच नव्हता. लागत नाही कुणाला."

म्हातारीचे ओठ हलले. आनंदाचा लवलेश तिच्या तोंडावर आला नाही. आला तो राग. "हे मला आता सांगतोस?" ती म्हणाली. "नवरा मेला, त्याच्या अंगालासुद्धा उजेडात हात लावला नाही मी. नातवंडं मांडीवर घेतली नाहीत. आणि आता सांगतोस?" तिनं बाही खाली ओढली. "जा. तास्रीपला बोलू नकोस."

कास्मुरी घरातून थेट पुढच्या अंगणात आला. माणसं होतीच, लुराहही होता. त्यानं सदरा काढला. बायका मागं सरल्या. तो ओरडला नाही, पण शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलला. "हे नीट बघून घ्या. हा महारोग नाही. हा लागत नाही. गावात आणखी कुणाच्या अंगावर असं असेल तर त्यानं लपवू नये आणि तुम्ही त्याला हाकलू नये." मागं दार लागल्याचा आवाज झाला. पहिला दगड त्याच्या पायाशी पडला, दुसरा खांद्याला लागला. कुणी मारला ते त्यानं बघितलं नाही. तो चालत गेला, पळाला नाही.

सेंदांगला तो परतला तेव्हा खांदा सुजला होता. वागिरानं काही न विचारता हळद उगाळली आणि वळलेल्या मुठीच्या मागच्या बाजूनं लावली. दुसऱ्या दिवशी ती सोंतानीच्या ओसरीवर जाऊन बसली. घर रोग्याचं आहे ना, मग रोगी मी आहे, घर माझं, आणि माझ्या घरात मी कुणाला ठेवीन ते मी ठरवीन, असं तिनं मांडलं. सोंतानीनं वाद घातला, ती हलली नाही. शेवटी त्याच्या वाटचं धान्य कापलं गेलं, घर राहिलं. त्या दिवसापासून कुठल्याही भांडणात ती नवऱ्याला म्हणायची, "माझ्या घरात उभा आहेस, विसरू नको."

डॉक्टर हाप्सारी परत आली तेव्हा पुर्वांतीच्या पाठीवरचे कॉफीच्या रंगाचे डाग तिनं बघितले. हिच्याही अंगावर पुढं गाठी येतील, बाळंतपणात जास्त, असं सांगितलं. कास्मुरीनं फुटलेल्या बाटल्यांबद्दल माफी मागितली नाही, आणि तिनंही तो विषय काढला नाही. त्याचं अंग शिकाऊ डॉक्टरांना दाखवायची तिची इच्छा होती. तो नाही म्हणाला, आणि नाहीवर राहिला.

आई वारल्याचा निरोप पुढच्या कोरड्या मोसमात आला, पुरून झाल्यावर. त्यानं ऐकलं आणि तो ताडावर चढला.

पुर्वांती लग्नाला आली तेव्हा घरात पुन्हा जुंपली. वागिराचं म्हणणं, डाग कपड्याखाली आहेत, लग्न होईस्तोवर तोंड मिटून बस. कास्मुरी म्हणाला, "तोंड मिटून माझी आई जगली. मी सांगणार." मुलगी बघायला पहिली माणसं आली, त्यानं सगळं सांगितलं, ती माणसं कॉफी न पिता उठली. पुर्वांती दोन दिवस बापाशी बोलली नाही. पुढच्या वर्षी बंदरावर होड्या दुरुस्त करणारा एकजण मागणी घालायला आला, एकटाच. त्यानं ऐकून घेतलं, डोकं खाजवलं आणि पुर्वांतीलाच विचारलं, "दुखतं का ते?"

"नाही," ती म्हणाली. "लोकांचं बोलणं दुखतं."

"तसं बोलणं माझ्या आईचंही आहे," तो म्हणाला. "ती तुला छळेलच."

लग्न वस्तीतच झालं. सोंतानीही जेवायला आला, आणि उठताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की भात कच्चा होता.